दर्यावर्दी कादंबरीकार हर्मन मेल्व्हिल

आज बटण दाबले की दिवा लागतो. त्यामुळे दिव्यासाठी तेल कोठून आणावयाचे हा प्रश्न आपल्याला पडत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र तो प्रत्येक घराला पडत असे. आपल्याकडे समईत आणि पणतीत तिळाचे, करंजाचे किंवा एरंडाचे तेल जळे. अमेरिकेत आणि युरोपात घरांतील व रस्त्यांवरील कित्येक दिवे ज्या तेलावर जळत, ते समुद्रातून येत असे. देवमाशाच्या कातडीखालील चरबी कढवून ते काढीत. शिवाय ज्याला स्पर्म व्हेल म्हणतात, त्या जातीच्या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात मेणासारखा एक पदार्थ असतो. त्याच्या मेणबत्त्या फार स्वच्छ जळत व महाग विकत. या तेलासाठी आणि मेणासाठी माणसे तीन-तीन, चार-चार वर्षे घरदार सोडून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जात असत.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यू बेडफर्ड हे या धंद्याचे सर्वांत मोठे बंदर होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास देवमाशांच्या शिकारीस जाणारी अमेरिकन जहाजे सातशेहून अधिक होती. न्यू बेडफर्डच्या समोरील तीरावरून, फेअरहेवन येथून, ३ जानेवारी १८४१ रोजी ऐन हिवाळ्यात 'अकुश्नेट' नावाचे एक नवे जहाज प्रशांत महासागराकडे निघाले. त्यावरील खलाशांत एकवीस वर्षांचा एक तरुण होता. तो काही कोळ्याचा मुलगा नव्हता. चांगल्या घराण्यात जन्मलेला, पुस्तकांचे वेड असलेला, परंतु दारिद्र्याने गांजलेला असा तो तरुण होता. त्याचे नाव हर्मन मेल्व्हिल.

मेल्व्हिलचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. आठ भावंडांतील हे तिसरे अपत्य. दोन्हीकडची आजोबामंडळी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात नावाजलेली होती. १७७३ साली बोस्टन बंदरात इंग्रजी चहाच्या पेट्या समुद्रात लोटून देणाऱ्या मंडळींत त्याच्या वडिलांचे वडील होते. हर्मनचे वडील फ्रान्समधून उंची माल मागवून विकत. घरात नोकरचाकर होते. पण धंद्यात कर्ज वाढत गेले, १८३० साली व्यापार बुडाला आणि कुटुंबाला न्यू यॉर्क सोडून ऑल्बनी या गावी जावे लागले. तेथे १८३२ च्या जानेवारीत वडील वारले. त्या वेळी हर्मन बारा वर्षांचा होता. म्हणजे, मुलांनो, तुमच्याच वयाचा.

वडिलांमागे कर्ज उरले होते. हर्मनची शाळा सुटली आणि तो एका बँकेत कारकून झाला. नंतर काही दिवस त्याने काकाच्या शेतावर काम केले, थोरल्या भावाच्या केसाळ टोप्यांच्या दुकानात हिशेब लिहिले, मधूनमधून पुन्हा शाळेतही गेला. अठराव्या वर्षी तर तो एका खेडेगावात मास्तर झाला! त्याच्या हाताखाली लहानमोठे मिळून सुमारे तीस विद्यार्थी होते. त्यांतील काहीजण अठरा वर्षांचे असूनही त्यांना साधी बेरीज येत नाही, असे त्याने आपल्या मामाला पत्रातून कळविले होते. शिक्षकाचे आणि विद्यार्थ्यांचे वय सारखेच, अशा वर्गात शिस्त राखणे किती कठीण असेल याची कल्पना जन्मभर वर्गात उभे राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला सहज येते. ती नोकरी टिकली नाही. मग त्याने जमीनमोजणीची विद्या शिकून घेतली. पण कालव्याच्या खात्यात जी जागा मिळेल असे त्याला वाटत होते, तीही मिळाली नाही.

अशा रीतीने जमिनीवरचे सर्व दरवाजे बंद झाल्यावर तो समुद्राकडे वळला. १८३९ साली एका व्यापारी जहाजावर सर्वांत खालच्या दर्जाचा पोऱ्या म्हणून तो इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदरापर्यंत जाऊन आला. डेक धुणे, डोलकाठीवर चढून शिडे गुंडाळणे आणि सर्वांचे बोलणे खाणे एवढेच त्याचे काम. लिव्हरपूलमध्ये जहाजांच्या गर्दीपलीकडे, गल्लीबोळांतून, उपाशी माणसे त्याने पाहिली. हा अनुभव त्याने दहा वर्षांनी 'रेडबर्न' या कादंबरीत वापरला. परत आल्यावर पुन्हा काम नाही, पुन्हा वणवण. शेवटी देवमाशांच्या शिकारीचे ते 'अकुश्नेट' जहाज.

या जहाजांवर महिन्याचा पगार नसे. सफर संपून तेल विकले गेले म्हणजे जी मिळकत होईल तिच्यात प्रत्येकाचा ठरावीक वाटा असे. कप्तानाचा वाटा मोठा, नवख्या खलाशाचा अगदी लहान. मेल्व्हिलचा वाटा होता एकशेपंचाहत्तरावा! म्हणजे एकशेपंचाहत्तर डॉलर मिळाले, तर त्यातला एक डॉलर त्याचा. मासे मिळाले नाहीत, तर तोही नाही.

शिकार कशी होत असे ते पाहण्यासारखे आहे. उंच डोलकाठीवर पाळीपाळीने माणसे टेहळणी करीत. दूरवर देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसला, की वरून आरोळी येई आणि जहाजाच्या कडेला टांगलेल्या निमुळत्या होड्या भराभर पाण्यात सोडल्या जात. एका होडीत सहा माणसे. पाचजण वल्ही मारीत आणि सहावा मागे उभा राहून होडी वळवी. वल्हेकऱ्यांची पाठ माशाकडे असे, म्हणून आपण कशाजवळ जात आहोत हे त्यांना दिसतही नसे. अगदी जवळ गेल्यावर पुढचा माणूस वल्हे टाकून उठे आणि दोराला बांधलेला काटेरी भाला, म्हणजे हार्पून, माशाच्या अंगात फेकी. घायाळ झालेला मासा खोल बुडी मारी किंवा उधळलेल्या घोड्यासारखा होडीला ओढीत नेई. त्या वेळी दोर इतक्या वेगाने सुटे, की तो ज्या खुंटाभोवती गुंडाळलेला असे त्यातून धूर निघू लागे आणि त्यावर पाणी ओतावे लागे. त्या दोराच्या वेढ्यात एखाद्याचा हात किंवा पाय सापडला, तर तो माणूस क्षणात नाहीसा होई. पन्नास फूट लांबीचा तो प्राणी. त्याच्या शेपटीच्या एका फटक्याने होडीच्या चिरफळ्या उडत.

मासा मेला म्हणजे खरी मेहनत सुरू होई. त्याला ओढत जहाजापर्यंत आणायचे, जहाजाच्या बाजूला साखळदंडांनी बांधायचे, चरबीचे थर सोलून वर ओढायचे, आणि डेकवरच विटांनी बांधलेल्या भट्टीवर मोठमोठ्या कढयांतून ती कढवायची. लाकडी जहाज, भोवती समुद्र आणि मधोमध रात्रंदिवस धगधगणारी भट्टी! चरबी कढवून उरलेले तुकडे हेच त्या भट्टीचे सरपण. काळ्या धुराने माणसे माखून जात, डेक तेलाने निसरडा होई, घाण तर सांगू नये अशी. तेल निवले, की ते पिंपांत भरून तळाशी ठेवीत. पिंपे भरेपर्यंत घरी जायचे नाही, असा हा धंदा.

मेल्व्हिलने हे सारे दीड वर्ष सोसले. १८४२ च्या उन्हाळ्यात 'अकुश्नेट' प्रशांत महासागरातील मार्केसास द्वीपसमूहापैकी नुकुहिवा या बेटाला लागले. कप्तानाचा जाच, निकृष्ट अन्न आणि न संपणारी सफर यांना कंटाळून त्याने टोबी ग्रीन या सोबत्यासह ९ जुलै रोजी जहाजावरून पळ काढला. करार मोडून पळणे हा गुन्हाच होता. तो पळाला यात शौर्य होते असे मी म्हणणार नाही. पण पुढे जे घडले त्यातून एक लेखक निर्माण झाला, हेही तितकेच खरे.

पावसात, उंच कड्यांवरून आणि दऱ्यांतून हे दोघे वाट काढीत गेले. मेल्व्हिलचा पाय सुजला. शेवटी ज्या दरीत ते उतरले, ती होती टायपी लोकांची. हे लोक माणसे मारून खातात, अशी त्यांची ख्याती सर्व खलाशांत पसरलेली होती. परंतु या भयंकर म्हणविल्या गेलेल्या लोकांनी पाहुण्यांना खाऊ घातले, सुजलेल्या पायावर उपचार केले, त्याला पाठीवर बसवून नदीवर आंघोळीला नेले. मात्र त्याला दरीबाहेर जाऊ देईनात. औषध आणतो म्हणून टोबी गेला, तो परतलाच नाही. आपण पाहुणे आहोत की कैदी, हे मेल्व्हिलला कळेना. सुमारे महिनाभराने एका दुसऱ्या जहाजाने त्याला तेथून सोडवून नेले.

त्या जहाजावर तरी सुख कोठले! ताहिती बेटाजवळ खलाशांनी काम करण्याचे नाकारले आणि मेल्व्हिल त्यांच्याबरोबर काही आठवडे कैदेत पडला. तेथून निसटून तिसऱ्या जहाजाने तो हवाई बेटांवर आला. ऑगस्ट १८४३ मध्ये त्याने अमेरिकन नौदलात साधा नाविक म्हणून नाव नोंदविले आणि 'युनायटेड स्टेट्स' या लढाऊ जहाजावरून ऑक्टोबर १८४४ मध्ये तो बोस्टनला पोहोचला. घरातून निघून जवळजवळ चार वर्षे झाली होती.

घरची माणसे त्याच्या गोष्टी ऐकताना रंगून जात. हे सर्व लिहून काढ, असा सर्वांचा आग्रह पडला आणि त्याने टायपी दरीची हकीकत लिहिली. न्यू यॉर्कच्या एका प्रकाशन-संस्थेने ती परत केली. कारण काय, तर हे सर्व खरे असणे शक्य नाही! थोरल्या भावाने हस्तलिखित लंडनला नेले आणि १८४६ साली 'टायपी' हे पुस्तक प्रथम तेथे व मग न्यू यॉर्कला प्रसिद्ध झाले. वाचकांच्या त्यावर उड्या पडल्या. तरी शंकेखोर होतेच. इतक्यात एक विलक्षण गोष्ट घडली. बफेलो शहरात राहणाऱ्या एका माणसाने वर्तमानपत्रातून जाहीर केले, की या पुस्तकातील टोबी तो मीच, आणि माझ्यापुरती ही हकीकत खरी आहे! चार वर्षे ज्याला मेल्व्हिल मेला समजत होता तो मित्र जिवंत होता. अर्थात पुस्तकात मेल्व्हिलने पदरचा मसालाही घातला होता. एका महिन्याचा मुक्काम त्याने चार महिन्यांचा केला. परंतु ज्यांना जग रानटी म्हणत होते त्यांच्या माणुसकीविषयी त्याने जे लिहिले, त्यातील कळकळ कृत्रिम नव्हती.

पुढच्या वर्षी 'ओमू' आले. त्याच वर्षी त्याचा विवाह एलिझाबेथ शॉ हिच्याशी झाला. मग 'मार्डी' आणि 'रेडबर्न' ही पुस्तके निघाली, आणि १८५० मध्ये 'व्हाइट-जॅकेट'. या शेवटच्या पुस्तकापाशी थोडे थांबले पाहिजे.

नौदलाच्या जहाजावर त्या काळी लहानसहान चुकीसाठी फटके मारण्याची शिक्षा होती. अपराध्याचा सदरा काढून त्याला जाळीला बांधीत आणि नऊ शेपट्यांच्या चाबकाने त्याच्या पाठीवर आसूड ओढीत. सर्व खलाशांनी एकत्र उभे राहून ते पाहावे असा नियम होता. मेल्व्हिलच्या चौदा महिन्यांच्या नोकरीत त्याच्या जहाजावर अशा दीडशेहून अधिक शिक्षा झाल्या. ज्या देशाने सर्व माणसे समान आहेत असे जाहीर केले, त्याच देशाच्या जहाजावर माणसाला जनावरासारखे मारले जाते, हे त्याने 'व्हाइट-जॅकेट'मध्ये पानोपानी दाखविले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने नौदलातील ही शिक्षा कायद्याने बंद केली. याचे सारे श्रेय एका पुस्तकाला देणे बरोबर होणार नाही. पुष्कळ लोक कित्येक वर्षे त्यासाठी खटपट करीत होते. पण त्या खटपटीला या पुस्तकाचा हातभार लागला.

१८५० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्डजवळ त्याने एक शेत घेतले. नांगरताना जमिनीत जुने बाणांचे फाळ सापडत, म्हणून त्या घराचे नाव त्याने 'ॲरोहेड' ठेवले. त्याच्या खोलीच्या खिडकीतून ग्रेलॉक नावाचा डोंगर दिसे. हिवाळ्यात बर्फाने झाकलेला तो डोंगर पांढऱ्या देवमाशाच्या पाठीसारखा दिसे, असे सांगतात. जवळच नॅथॅनिएल हॉथॉर्न हा थोर कादंबरीकार राहत होता. दोघांची मैत्री जमली. मेल्व्हिलचे डोळे लहानपणच्या आजारापासून अधू होते आणि अक्षर फारच वाईट. म्हणून त्याच्या बहिणी व पत्नी लिखाणाच्या स्वच्छ प्रती तयार करीत. या घरात त्याने 'मोबी डिक' ही कादंबरी लिहिली आणि ती हॉथॉर्नला अर्पण केली.

या कादंबरीमागे एक खरी घटना आहे. २० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात 'एसेक्स' नावाच्या जहाजावर एका प्रचंड स्पर्म व्हेलने धडक मारली आणि ते बुडविले. वीस खलाशी तीन लहान होड्यांतून निघाले. सुमारे तीन महिने त्यांनी भूक, तहान आणि ऊन सोसले. त्यांतील आठच वाचले. त्यांपैकी ओवेन चेस याने ती हकीकत पुस्तकरूपाने लिहिली होती. 'अकुश्नेट'वर असताना भर समुद्रात दुसरे एक जहाज भेटले. त्यावर चेसचा तरुण मुलगा होता. त्याने वडिलांचे ते पुस्तक मेल्व्हिलला वाचावयास दिले. जेथे ते जहाज बुडाले, त्याच महासागरात बसून त्याने ते वाचले! त्याच्या मनावर त्याचा केवढा परिणाम झाला असेल!

आता कादंबरीची कथा ऐका. इश्माएल नावाचा एक तरुण खलाशी न्यू बेडफर्डला येतो. खानावळीत जागा नसल्यामुळे त्याला एका अनोळखी माणसाबरोबर एकाच बिछान्यावर झोपावे लागते. तो अनोळखी माणूस म्हणजे दक्षिण समुद्रातील एका बेटाचा राजपुत्र क्वीक्वेग. त्याचे सर्वांग गोंदलेले, हातात भाला! इश्माएल प्रथम घाबरतो. पण एका दिवसात दोघे जिवलग मित्र होतात. ते 'पीक्वॉड' नावाच्या जहाजावर नोकरी धरतात. जहाजाचा कप्तान अहाब कित्येक दिवस दिसतच नाही. मग एके दिवशी तो डेकवर येऊन उभा राहतो. त्याचा एक पाय देवमाशाच्या जबड्याच्या हाडाचा केलेला आहे. मोबी डिक नावाच्या पांढऱ्या देवमाशाने त्याचा पाय तोडला होता, आणि त्या एका माशाचा सूड घेणे एवढेच आता त्याच्या आयुष्यात उरले आहे. तो डोलकाठीवर सोन्याचे नाणे ठोकतो. जो पांढरा मासा प्रथम दाखवील त्याचे ते नाणे. सर्व खलाशी आरोळ्या ठोकतात. एकटा स्टारबक, जहाजाचा पहिला अधिकारी, विरोध करतो. मुक्या प्राण्यावर सूड घेणे हा वेडेपणा आहे आणि आपण येथे तेल मिळविण्यासाठी आलो आहोत, हे तो सांगून पाहतो. अहाब ऐकत नाही.

कादंबरीच्या अखेरीस 'रेचल' नावाचे जहाज त्यांना भेटते. त्याच्या कप्तानाचा लहान मुलगा एका होडीसह समुद्रात हरवला आहे. 'दोन दिवस तुमचे जहाज शोधासाठी द्या', अशी तो काकुळतीने विनवणी करतो. अहाबला स्वतःलाही एक लहान मुलगा आहे. तरीही तो नकार देतो, कारण मोबी डिक जवळच असल्याचे त्याला समजले आहे. माझ्या मते अहाबचा सर्वनाश येथेच झाला. पुढील तीन दिवसांत तो केवळ पुरा झाला. तीन दिवस पाठलाग चालतो. होड्या फुटतात, माणसे बुडतात. तिसऱ्या दिवशी मोबी डिक जहाजालाच धडक देतो आणि अहाब स्वतः फेकलेल्या भाल्याच्या दोरात गुरफटून समुद्रात ओढला जातो. सर्व बुडतात. फक्त इश्माएल वाचतो. क्वीक्वेगने स्वतःसाठी करवून घेतलेली शवपेटी लाटांवर तरंगत वर येते, तिच्या आधाराने. आणि त्याला उचलून घेते कोण? आपला मुलगा शोधत अजूनही फिरणारे तेच 'रेचल' जहाज.

कथा एवढीच, परंतु पुस्तकात १३५ प्रकरणे आहेत. त्यांतील कित्येक प्रकरणांत कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. देवमाशाचे डोके, देवमाशाची शेपटी, दोर, भाला, भट्टी, पांढरा रंग, अशा एकेका विषयावर लेखक मनसोक्त बोलत बसतो. घाईच्या वाचकाला याचा कंटाळा येतो. तुम्ही आज संक्षिप्त आवृत्तीच वाचा. पण मोठेपणी मूळ पुस्तक हाती आले, तर ही प्रकरणे गाळू नका. देवमासा हा मासा नसून पिलांना दूध पाजणारा, हवेत श्वास घेणारा प्राणी आहे, हे शास्त्रज्ञांचे मत मेल्व्हिलला ठाऊक होते. तरीही तो थट्टेने त्याला मासाच म्हणतो. आपल्या भाषेनेही त्याला मासाच म्हटले आहे!

एका प्रकरणात तर आपल्या मुंबईजवळील घारापुरीच्या लेण्यांचा उल्लेख येतो. देवमाशाचे सर्वांत जुने चित्र तेथे विष्णूच्या मत्स्यावताराच्या रूपाने कोरलेले आहे, असे तो लिहितो. तुमच्यापैकी ज्यांनी घारापुरी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, की ती लेणी शंकराची आहेत. मत्स्यावताराचे असे शिल्प तेथे नाही. मेल्व्हिल हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. परंतु सातासमुद्रापलीकडे, बर्फात वेढलेल्या शेतघरात बसून, देवमाशाविषयी जगात जे जे काही सांगितले गेले ते सारे गोळा करताना त्याला आपला मत्स्यावतार आठवावा, याचे कौतुक वाटते. अहाबच्या होडीतील एक गूढ माणूस त्याने पारशी दाखविला आहे. मात्र ते चित्र कल्पनेतले आहे, खऱ्या पारशी समाजाशी त्याचा संबंध नाही.

१८५१ च्या ऑक्टोबरात ही कादंबरी लंडनला आणि नोव्हेंबरात न्यू यॉर्कला प्रसिद्ध झाली. लंडनच्या आवृत्तीतून शेवटचा उपसंहार गळला. इश्माएल कसा वाचला हे त्या उपसंहारातच होते! तेव्हा काही इंग्रज टीकाकारांनी विचारले, की सर्वच बुडाले तर ही गोष्ट सांगितली कोणी? छापण्यातील या दोषाचे खापर लेखकाच्या माथी फुटले. त्याच सुमारास एक बातमी आली. न्यू बेडफर्डचेच 'ॲन अलेक्झांडर' नावाचे जहाज ऑगस्टमध्ये प्रशांत महासागरात खरोखरीच एका देवमाशाने बुडविले होते. मेल्व्हिलला ती बातमी मिळाली, तेव्हा पुस्तक नुकतेच बाहेर पडत होते. तरीही पुस्तक खपले नाही. लेखकाच्या उरलेल्या सबंध आयुष्यात, म्हणजे चाळीस वर्षांत, त्याच्या सुमारे तीन हजार प्रतीच विकल्या गेल्या. १८५३ साली प्रकाशकाच्या इमारतीला आग लागून शिल्लक प्रतीही बऱ्याचशा जळाल्या.

त्यानंतरची कादंबरी 'पियर' तर साफ पडली. मेल्व्हिलने मासिकांतून कथा लिहिल्या. त्यांतील 'बार्टलबी' ही एका विचित्र कारकुनाची कथा आज जगभर वाचली जाते. गावोगाव व्याख्याने दिली. पण संसार चालेना. १८५७ नंतर त्याच्या हयातीत त्याची एकही नवी कादंबरी निघाली नाही. शेवटी डिसेंबर १८६६ मध्ये, सत्तेचाळीसाव्या वर्षी, त्याने न्यू यॉर्क बंदरात जकात-निरीक्षकाची नोकरी धरली. रोजचे चार डॉलर. धक्क्यावर उभे राहून परदेशी जहाजांतून उतरणाऱ्या मालाची तपासणी करावयाची. ज्या जहाजांवरून त्याने अर्धी पृथ्वी पाहिली, त्यांच्या पेट्या आता तो मोजीत होता! त्या खात्यात लाचलुचपत बोकाळली होती. मेल्व्हिलने मात्र हात स्वच्छ ठेवले. अशी एकोणीस वर्षे गेली. या काळात त्याला थोरल्या मुलाच्या अकाली मृत्यूचे दुःख सोसावे लागले. धाकटा मुलगाही त्याच्या हयातीतच गेला.

तरी लेखणी त्याने ठेवली नाही. कामावरून आल्यावर रात्री तो कविता लिही. पवित्र भूमीच्या यात्रेवरील 'क्लॅरेल' हे त्याचे अठरा हजार ओळींचे काव्य १८७६ साली छापले, तेही मामाने पैसे दिले म्हणून. त्याच मामाला त्याने एकदा शाळेतून पत्र लिहिले होते. शेवटच्या दोन कवितासंग्रहांच्या त्याने प्रत्येकी फक्त पंचवीस प्रती काढल्या आणि मित्रांना वाटल्या. २८ सप्टेंबर १८९१ रोजी न्यू यॉर्क येथे तो वारला, तेव्हा हा लेखक अजून जिवंत होता याचेच अनेकांना आश्चर्य वाटले. एका मोठ्या वृत्तपत्राने तर त्याचे नावही चुकीचे छापले.

त्याच्या मागे कागदांत एक अपुरे हस्तलिखित राहिले होते. पत्नीने ते जपून ठेवले आणि पुढे ते नातीकडे आले. १९१९ साली मेल्व्हिलच्या जन्माला शंभर वर्षे झाली. त्या सुमारास रेमंड वीव्हर हा तरुण प्राध्यापक त्याचे चरित्र लिहिण्यासाठी माहिती जमवीत होता. त्याला नातीने ते कागद दाखविले. ती होती 'बिली बड' या तरुण खलाशाची कहाणी. तो सरळ मनाचा, सर्वांना प्रिय. दोष एवढाच, की भावना अनावर झाली की त्याची जीभ अडखळे. एक अधिकारी त्याच्यावर बंडाचा खोटा आळ घेतो. बिलीला शब्द फुटत नाही आणि त्या असहायतेत त्याचा हात उठतो. एकाच ठोशात अधिकारी मरतो. बिली मनाने निर्दोष आहे हे कप्तानाला ठाऊक असते, पण युद्धकाळचा कायदा दुसरे काही ऐकत नाही. ही कथा १९२४ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी, प्रसिद्ध झाली. त्याबरोबर लोक 'मोबी डिक'कडे पुन्हा वळले आणि अमेरिकेतील सर्वश्रेष्ठ कादंबऱ्यांत तिची गणना होऊ लागली.

तो धंदा आता राहिला नाही. १८५९ साली अमेरिकेत जमिनीत विहीर खणून खनिज तेल काढले गेले, घरोघर रॉकेलचे दिवे आले आणि देवमाशाच्या तेलाची गरज हळूहळू संपली. तरी इतर कारणांसाठी शिकार चालूच राहिली. विसाव्या शतकात तर यंत्रांच्या साहाय्याने ती फार वाढली आणि देवमाशांच्या काही जाती नष्ट होण्याच्या बेतास आल्या. १९८६ पासून व्यापारासाठी होणाऱ्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. काही थोडे देश ती पाळत नाहीत. 'अकुश्नेट' १८५१ साली, म्हणजे 'मोबी डिक' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, उत्तरेकडील एका बेटावर आपटून नष्ट झाले. पण त्याच काळातील 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे जहाज अमेरिकेतील मिस्टिक येथे जतन केलेले आहे. २०१४ साली डागडुजी करून त्याने पुन्हा शिडे उभारली. त्या सफरीत ते देवमाशांच्या जवळ गेले ते त्यांना पाहण्यासाठी.

न्यू बेडफर्डच्या देवमासे-संग्रहालयात दरवर्षी जानेवारीत, 'अकुश्नेट' निघाले त्या दिवसांच्या आसपास, लोक जमतात आणि 'मोबी डिक' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळीपाळीने मोठ्याने वाचतात. रात्रभर वाचन चालते. पुस्तक संपावयास सुमारे पंचवीस तास लागतात.